वहीची मागची पानं

९ जानेवारी

चिरंजीव भावास, ताईचे आशीर्वाद.

तू सभागृहात निवडून गेल्याला तीन महिने झाले. एवढ्यात तुझी दोन पत्रं आली. दोन्हींत देशाच्या तब्येतीबद्दल चार-चार पानं आहेत आणि तुझ्या खोकल्याबद्दल एक ओळ नाही. आहे की गेला?

पाळकांचं घर मी नव्या पाळकांना मोकळं करून दिलं. आता घड्याळजीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आहे. खाली पंचवीस घड्याळं आहेत आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही, त्यामुळे बारा वाजायला सुरुवात झाली की पाच मिनिटं थांबत नाहीत. नवे पाळक वीस मिनिटांत उपदेश आटपतात. मंडळी खूश आहे. तुझा तास-सव्वा तास चालायचा आणि मी ऑर्गनसमोर बसून डुलक्या काढायचे, हे आता सांगायला हरकत नाही. पण रात्रशाळा आणि दवाखाना तू सुरू केलेस, ते चालू ठेवायची अक्कल त्यांना आहे, एवढं बरं.

आपली मुंगी छापखान्यात रुळली. अक्षरांचे खिळे जुळवताना तिची बोटं दिसत नाहीत म्हणतो फोरमन. दुपारी घरी जेवायला येते ती हाताला काळं, नाकाला काळं. मला आनंद व्हायला हवा, पण होत नाही. तिला शिक्षिका व्हायचं होतं. शिक्षिकांच्या शाळेत जन्माचा दाखला मागतात आणि दाखला निघतो तुझ्या त्या चर्चच्या वहीतून. चार वर्षांपूर्वी मी तिला सांगितलं, वहीला वाळवी लागली, तुझं पान गेलं. तिने मान हलवली आणि छापखान्यात नाव घातलं. तेव्हापासून ती खाली मान घालून जेवत असली की माझ्या तोंडात घास फिरतो.

तुझं ते विधेयक कधी येणार आहे? लवकर आण बाबा. पण एक सांगते. लोकांच्या घरातल्या गोष्टी उपदेशात घालायची तुझी जुनी खोड आहे. बेकरीवाल्याच्या बायकोची गोष्ट तू 'एक गृहिणी' म्हणून सांगितलीस आणि पुढच्या रविवारपासून बेकरीवाला दुसऱ्या चर्चला जायला लागला. तिथे ही खोड नको.

तुझी ताई

२१ जानेवारी

प्रिय ताई,

खोकला आहे. बस, ही एक ओळ झाली.

इथे मला एक खोली मिळाली आहे. खिडकी वाऱ्याने आपटते, म्हणून तिच्यात वर्तमानपत्राची घडी कोंबली आहे. माझंच भाषण छापलेलं वर्तमानपत्र आहे, त्यामुळे निदान काही उपयोग झाला. जेवताना उभा राहतो, लिहिताना येरझाऱ्या घालतो. घरमालकीण म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे, खालच्या भाडेकरूच्या छताचा चुना पडतो.

सभागृहाची गंमत सांगतो. चर्चमध्ये माणसं निदान झोपतात तरी शांतपणे. इथे बोलायला उभा राहिलो की कोणी पत्रं फोडतो, कोणी शेजाऱ्याला विनोद सांगतो. परवा मी जरा आवाज चढवला तर मागच्या बाकावरून 'आमेन' आलं आणि सगळे हसले. मी त्यांना समजावतो, बाबांनो, आपल्याकडे जन्माची नोंद चर्चच्या वहीत होते. ज्या मुलाच्या बापाचं नाव सांगता येत नाही त्याची नोंद पाळक पुढच्या पानांवर करत नाही. वही फिरवतो, उलटी धरतो आणि मागून लिहितो. पुढे दाखला निघतो त्यावर 'मा. पा.' अशी दोन अक्षरं पडतात, मागचं पान. त्या दोन अक्षरांवर शाळा बंद, सरकारी नोकरी बंद, आणि लग्न जमलेलं मोडतं. माझं विधेयक एवढंच म्हणतं की सगळी मुलं एकाच बाजूने लिहा. यात देश बुडण्यासारखं काय आहे?

पक्षनेते चांगले आहेत, पण व्यवहारी. ते म्हणाले, "नियम सांगू नका. माणूस दाखवा." मी बावीस वर्षं हेच तर करत आलो. माझ्याजवळ एक माणूस आहे. घाबरू नकोस, सगळं बदललं आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी विधेयकाचं पहिलं वाचन.

तुझा भाऊ

५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

जिंकलो! म्हणजे पहिली पायरी जिंकलो. सभागृह इतकं शांत झालं की लघुलेखकाच्या पेनचा आवाज येत होता. विरोधी बाकावरच्या एका म्हाताऱ्या वकिलाने चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिला. नंतर बाहेर भेटला तेव्हा म्हणाला, "मत देणार नाही, पण बोललात चांगलं." पक्षनेते म्हणतात, महिन्याभरात दुसरं वाचन आणि मग मतदान.

भाषणाची प्रत मी आजच आपल्या वर्तमानपत्राच्या संपादकांना परस्पर पाठवली आहे. ज्यांनी निवडून दिलं त्यांना पूर्ण वाचायला मिळायला हवं, शब्द न् शब्द. मुंगीच जुळवेल बहुतेक. तिला सांग, मामाची वाक्यं लांब असतात, खिळे कमी पडू देऊ नकोस.

भाषणातल्या पाळकाला मी असं काही सोललं आहे की तू वाचून टाळ्या वाजवशील.

तुझा आनंदी भाऊ

१३ फेब्रुवारी

भावास,

मुंगी घर सोडून गेली.

तू म्हणालास, सगळं बदललं आहे. काय बदललंस रे? मुलीचा मुलगा केलास, माझी शिंपीण केलीस, गाव नदीकाठी नेऊन ठेवलंस. आणि टोपीची पेटी तशीच ठेवलीस. झाकणाला विणायच्या सुईने पाडलेली सतरा भोकंसुद्धा तशीच, बाळाला वारा लागावा म्हणून. का, तर त्या भोकांनी लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. अरे, ती पेटी माझ्या कपाटावर आहे! मुंगीने लहानपणी त्या भोकांवरून मोजायला शिकून घेतलं. तिला मी सांगितलं होतं, तुझे आईबाप तापाने गेले, ते माझ्या दूरच्या नात्यातले होते, आणि तू इतकी एवढीशी होतीस की टोपीच्या पेटीत झोपायचीस.

तिने तुझं भाषण अर्ध्यात टाकलं नाही. फोरमन सांगत होता, तीन रकाने पूर्ण जुळवले, दोरीने बांधले, हात धुतले आणि म्हणाली, जरा घरी जाऊन येते. भर दुपारी आली. स्टूल घेऊन पेटी काढली. मोजली नाहीत भोकं, नुसता त्यांच्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "मावशी, वहीला वाळवी लागलेली नाही ना?"

मी सगळं सांगितलं. इस्पितळातून आणलं ते. तिने एकच विचारलं, "आणि पाळक कोण होता?" तिला हिशेब येतो. बावीस वर्षांपूर्वी इथे पाळक कोण होतं ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

तेच मला सोसवत नाही. शिंपीण उघडी, पोर उघडं, पेटी उघडी. फक्त पाळकावर पांघरूण. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण तू कधी उपदेशात वापरली नाहीस, ते आता समजलं.

ती छापखान्यातल्या पुस्तक-बांधणीवालीकडे राहायला गेली आहे. दोन वेळा गेले, दोन्ही वेळा नीट बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तू ये. मतदान खड्ड्यात गेलं.

ताई

१७ फेब्रुवारी

प्रिय मुंगीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या मनाला ज्या वेदना झाल्या असतील त्यांची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. त्या काळी समाजाची जडणघडणच अशी होती की चांगल्या हेतूच्या माणसांच्या हातूनही अन्याय घडून जात असे. आमच्या हातून जे घडलं ते त्या काळच्या नियमाने घडलं. चर्चच्या पंचांचा दबाव होता, वय लहान होतं. परंतु ज्या जखमा आमच्या हातून झाल्या त्यातूनच आज सुधारणेची वाट फुटते आहे, आणि तुझं दुःख हजारो मुलांच्या सुखाचं कारण ठरणार आहे. हा विचार तुला धीर देवो. मी येणार होतो, परंतु पक्षनेत्यांचं म्हणणं असं पडलं की मतदान होईपर्यंत जागा सोडू नये. मावशीकडे परत जा. तिचा यात दोष नाही.

तुझा मामा

२२ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र मिळालं. सवयीने हातात पेन्सिल घेऊन वाचलं, म्हणून दुरुस्त्या करून सोबत परत पाठवते आहे.

'त्या काळी', 'त्या काळच्या' असं दोनदा आलं आहे. बावीस वर्षांचा एवढा मोठा काळ होत नाही. तेव्हाचा कोट तुम्ही अजून घालता असं मावशी सांगते. 'आमच्या हातून' असं दोन ठिकाणी आहे. आणखी कोणाचे हात होते ते लिहिलेलं नाही, म्हणून दोन्हीकडे प्रश्नचिन्ह केलं आहे. 'जखमा झाल्या' याला कर्ता नाही. 'तुझं दुःख सुखाचं कारण ठरणार' ही ओळ मी पूर्ण काढली. ती माझ्याकडे विचारायला आलीच नव्हती.

मी वही बघून आले. नवे पाळक भले आहेत, वही टेबलावर ठेवून ते स्वतः बाहेर जाऊन बसले. माझं नाव मागून सातव्या पानावर आहे. तुमचं अक्षर तेव्हाही सुंदर होतं. वही फिरवावी लागली नाही. आमचे खिळे उलटेच असतात, मला उलटं वाचायची सवय आहे.

मग मी पुढची पानंही वाचली. नियम होता असं तुम्ही लिहिता. पण फोरमनचा धाकटा भाऊ दत्तक आहे, त्याच्याही बापाचं नाव कोणाला माहीत नाही, आणि तो पुढच्या पानावर आहे. शेरा आहे 'दत्तक, घेणाऱ्या आईची संमती' आणि खाली तुमचीच सही आहे, माझ्या आधी दोन महिन्यांची. म्हणजे सोय होती. मग मला मागे का टाकलंत? मावशीने तर मला हातात धरून आणलं होतं.

भाषणात माझी एकच दुरुस्ती आहे. 'एका पाळकाने वही उलटी केली' असं आहे तिथे 'मी वही उलटी केली' असं हवं. फोरमन म्हणतो, सभागृहाचा वृत्तांत पक्का छापण्याआधी सभासदाला तपासायला देतात. एका शब्दासाठी आम्ही कधी कधी आख्खं पान पुन्हा छापतो. तुम्हालाही जमेल.

मावशीने वाळवी लावली त्याचं मला वाईट वाटलं. पण ती रोज दुपारी मला वाढताना त्या वाळवीला भीत होती, ते मला आता कळतं. तुम्ही भाषण केल्यावर जेवलात का?

मुंगी

२५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

मुंगीने विचारलं, का? तिला सांगण्याआधी तुला सांगायला हवं. हे पत्र मी चार वेळा फाडलं आहे. तीन वेळा टपालाच्या पेटीपर्यंत जाऊन परत आलो. आता उभ्या उभ्याच लिहितो आहे.

त्या वर्षी तू पाच महिने बंदरावरच्या इस्पितळात कामाला होतीस. मध्येच तुझी पत्रं बंद झाली. परत आलीस ती निम्मी होऊन, डोळे खोल गेलेले, आणि हातात ती पेटी. मी विचारलं, बाप कोण? तू म्हणालीस, "माहीत नाही. बोलू नकोस, लिही." मी तुझ्याकडे बघितलं आणि माझी खात्री पटली की हे मूल तुझं आहे.

दत्तक म्हणून लिहिता आलं असतं. पेन उचललंही होतं. पण मनात आलं, उद्या पंच म्हणतील, पाळकाने आपल्या बहिणीचं लफडं पुढच्या पानावर खपवलं. माझं पाळकपणाचं पहिलंच वर्ष होतं. मी निःपक्षपाती आहे हे दाखवायला मी वही फिरवली. दाखवायला, ताई. बघायला खोलीत तुझ्याशिवाय कोणी नव्हतं.

नंतर रात्रशाळा काढली, दवाखाना काढला, पंचांशी भांडलो, राजीनामा दिला, निवडणूक लढवली. लोक म्हणाले, काय धडाडीचा माणूस आहे, क्षणभर बसत नाही. बसलो की ते पान दिसतं, म्हणून बसत नाही. तू मला कधी एका शब्दाने बोलली नाहीस, त्याचंच मला ओझं झालं होतं.

तुझा भाऊ

१ मार्च

भावा,

पत्र वाचलं. आधी हसले. खालून घड्याळजी विचारायला आला, काय झालं? मग रडले तेव्हा परत आला. बिचाऱ्याचे दोन जिने फुकट गेले.

अरे गाढवा, मला विषमज्वर झाला होता. सात आठवडे. पत्रं त्यामुळे बंद, निम्मी झाले त्यामुळे, आणि डोळे खोल गेले तेही त्याच्यामुळेच. तू कळवळून जाशील म्हणून कळवलं नव्हतं. मी ज्या खाटेवर बरी होत होते तिच्या शेजारच्या खाटेवर एकोणीस वर्षांची पोरगी होती. बाळंत झाल्यावर चौथ्या दिवशी सकाळी तिने चादरीची नीट घडी केली, बाळ माझ्या पायाशी ठेवलं आणि गेली. नाव खोटं दिलं होतं. बाप माहीत नाही म्हणजे मला खरंच माहीत नव्हता! आणि बोलू नकोस म्हणाले ते बाळ नुकतं डोळे मिटत होतं म्हणून.

बावीस वर्षं तू माझ्याबद्दल हे मनात धरून माझ्या हातचा चहा प्यायलास. विचारायचं होतंस. जगाला हजार प्रश्न विचारतोस, मला एक विचारवला नाही. मनातल्या मनात मला पापी ठरवलंस, मनातल्या मनात क्षमा केलीस, आणि शिक्षा मात्र त्या पोरीला दिलीस.

पण मीही धुतल्या तांदळासारखी नाही. तू वही फिरवलीस ते मी बघितलं होतं. वाटलं, हा शिकलेला, नियमच असेल. माझी असती तर तुझ्या हातातून पेन हिसकावून घेतलं असतं. माझी नाही म्हणून गप्प बसले, ही माझी लाज. माझी असती तर बरं झालं असतं, हे मात्र मी तुला आज स्पष्ट सांगते.

मुंगीला हे पत्र आणि तुझं पत्र दोन्ही वाचायला दिली आहेत. तुला न विचारता. तूही मला विचारलं नव्हतंस.

ताई

१४ मार्च

मुंगी,

तुझी दुरुस्ती केली.

वृत्तांत तपासायला आला तेव्हा मी शब्द बदलून दिला. कारकून म्हणाला, बोलताना जीभ घसरली असेल तेवढंच सुधारता येतं, घडलेली गोष्ट बदलता येत नाही. त्यासाठी सभागृहात उभं राहून निवेदन करावं लागेल. पक्षनेत्यांना विचारलं. ते म्हणाले, मतदानानंतर खुशाल करा, आधी केलंत तर विधेयक गेलं समजा. मी दोन दिवस शहरभर चाललो. बुटाचा तळ सुटला.

मंगळवारी मतदानाआधी उभा राहिलो आणि म्हणालो, गेल्या महिन्यात मी ज्या पाळकाला ढोंगी म्हटलं तो मी. मुलाला मागच्या पानावर लिहायची गरज नव्हती. लोक काय म्हणतील या भीतीने मी लिहिलं. एवढंच. दीड मिनिट लागलं.

मग जे व्हायचं ते झालं. 'आमेन' वगैरे. म्हातारा वकील उठला आणि म्हणाला, ज्याची साक्षच खोटी त्याच्या गोष्टीवर कायदा कसा करायचा? विधेयक सात जणांच्या समितीकडे गेलं. समितीकडे गेलेली विधेयकं सहसा परत येत नाहीत. पक्षनेते माझ्याशी हवापाण्याबद्दल बोलतात. त्या मुलांचं नुकसान केलं की काय, या विचाराने जेवण जात नाही. तू विचारलं होतंस, म्हणून सांगितलं.

तुझी क्षमा मागतो. तू द्यावीस असा आग्रह नाही. मी तुझ्यावर अन्याय केला, मग तो लपवला, आणि मग त्याच्यावर टाळ्या घेतल्या. तिन्ही वेळा तुला विचारलं नाही.

मामा

२३ मार्च

मामा,

तुमचं निवेदन आम्ही पहिल्या पानावर घेतलं. मीच जुळवलं. एकही चूक नव्हती.

मी मावशीकडे परत आले आहे. बांधणीवाली चांगली आहे, पण घोरते. मावशीशी करार झाला आहे की यापुढे खोटं बोलायचं तर वाळवीपेक्षा बरं काहीतरी शोधायचं. ती तीन दिवस नुसती माझ्या मागे मागे फिरते आहे. मी पाणी प्यायला उठले तरी दचकते. माझाही जीव थाऱ्यावर नाही. आरशात बघते तेव्हा चादरीची घडी घालणारी ती पोरगी कशी दिसत असेल ते शोधत बसते.

समितीला साक्षीदार लागतात असं वाचलं. तुमची साक्ष खोटी ठरली, तर खरी साक्ष मी आहे. मी येते. अर्ज मी स्वतः पाठवला आहे, तुमच्यामार्फत नाही. १६ एप्रिल ही तारीख मिळाली. समितीने तुम्हालाही त्याच दिवशी बोलावलं आहे.

तीन रकान्यांचं ते भाषण मी जुळवलं तेव्हा मला एकच गोष्ट वाटली होती. हे माझं आहे आणि बोलतंय दुसरंच कोणी. म्हणून मला स्टेशनवर घ्यायला या, पण काय बोलायचं ते शिकवू नका. रस्त्यात एक शब्दही नको. तुम्हाला जड जाईल, माहीत आहे.

क्षमेचं मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुंगी

१६ एप्रिल

प्रिय ताई,

मुंगी सुखरूप आहे, घरमालकिणीच्या खोलीत झोपली आहे. उद्या सकाळच्या गाडीने निघेल. तू गुडघ्यामुळे आली नाहीस, म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. काही बदललेलं नाही.

स्टेशनपासून समितीच्या खोलीपर्यंत एक शब्द बोललो नाही. दीड मैल. तिने मध्ये एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "खोकला आला तर खोका."

खोली लहान आहे. लांब टेबल, सात माणसं, पाण्याचा जग, कोपऱ्यात लघुलेखक. आम्हाला शेजारी शेजारी खुर्च्या दिल्या. ती बसली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. शाई नखांत राहिली होती, ती तिने लपवली नाही. मग बोलली. आवाज चढवला नाही, पाडला नाही. शाळेत जायचं होतं, दाखला हवा होता, दाखल्यावर दोन अक्षरं पडणार होती, म्हणून घरच्यांनी दाखलाच मागितला नाही. पेटीबद्दल बोलली नाही. चार मिनिटांत संपलं. मी असतो तर आत्ता कुठे प्रस्तावना झाली असती.

म्हातारा वकील समितीत आहे. त्याने विचारलं, "बाई, हे सगळं तुम्हाला कोणी शिकवून पाठवलं?" ती म्हणाली, "मला कोणी शिकवलं असतं तर मी आज शिक्षिका असते." दोघं-तिघं हसले. वकील हसला नाही, त्याने काहीतरी लिहून घेतलं. निर्णय सोमवारी आहे. चार विरुद्ध तीन होईल म्हणतात, कुठल्या बाजूने ते कोणी सांगत नाही.

मग अध्यक्षांनी कागद बघून विचारलं, "शेजारी बसलेल्या सभासदांशी तुमचं नातं काय? नोंदीसाठी हवं." लघुलेखकाने पेन टेकवलं. मी टेबलाकडे बघत होतो. ताई, मला वाटलं, आता ती म्हणेल, काही नाही. म्हणाली असती तर ते खरंच होतं. रक्ताचं नाही, आणि जे होतं ते मी उलटं लिहून ठेवलेलं.

तिने लघुलेखकाकडे बघितलं. मग म्हणाली, "हे माझे मामा. वही यांनीच उलटी केली."

अध्यक्ष म्हणाले, "दोन्ही लिहायचं?"

"दोन्ही लिहा."

मग अध्यक्षांनी मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? मी तोंड उघडलं. जन्मभर बोलून पोट भरलं, पण शब्द फुटला नाही. नुसती मान हलली. लघुलेखक थांबला, म्हणाला, "साहेब, मान हलवली ती हो म्हणून की नाही म्हणून? काय लिहू?"

मुंगी त्याला म्हणाली, "काही लिहू नका. रडतायत ते."

तुझा भाऊ